ढोल-ताशा पथकाला ब्लॅक हिस्टरी मन्थचं आमंत्रण आलंय, कार्यक्रम कसा आखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रीडिंग-स्लाव पट्ट्यातल्या एका मराठी मंडळाचे कार्यवाह विचारतात: "ऑक्टोबरमधल्या ब्लॅक हिस्टरी मन्थसाठी (काळ्या समाजाच्या इतिहासाचा महिना) कौन्सिलने आम्हाला एका कॅरिबियन संध्याकाळीचं सहआयोजन करायला सांगितलंय. हॉल आहे, थोडेफार पैसे आहेत, आमचं स्वतःचं ढोल-ताशा पथक आहे. कुणाला बोलवायचं, काय दाखवायचं, जेवणात काय ठेवायचं? आणि पथकाचा झेंडा न्यावा का?"

मी लंडनमध्ये टाउन हॉल, वाचनालयं आणि कार्निव्हलचे मास कॅम्प अशा ठिकाणी हेच काम बरीच वर्षं करते आहे. ('मास' म्हणजे कार्निव्हलचा वेश आणि तो घालून रस्त्यावर उतरणं, दोन्ही, वेश जिथे तयार होतात तो मास कॅम्प.) त्या अनुभवावरून लिहिते. उत्तर लांबणार आहे, कारण या कार्यक्रमाचं जे रेडिमेड पाकीट मिळतं, म्हणजे एक स्टीलबँड (तेलाच्या पिंपांपासून बनवलेले 'पॅन' वाजवणारा ताफा), एक जर्क चिकनचा स्टॉल आणि भिंतीवर मार्टिन ल्यूथर किंगचं पोस्टर, ते तुम्ही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कलाकार शोधण्यापासून करू नका. आधी तुमच्या गावात कोण राहतं ते बघा. कॅरिबियन म्हणजे सगळं एकच, असं धरून चाललात की पहिल्या फोनलाच समोरचा माणूस गप्प होतो. रीडिंगला आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने बार्बाडोसची आहेत, स्लावमध्ये अँग्विलाची जुनी वस्ती आहे, हाय विकममध्ये सेंट व्हिन्सेंटची. तिकडे लीड्सला सेंट किट्स आणि नेव्हिसचे लोक. देशभराचा हिशेब केला तर जमैकन सर्वांत जास्त. बार्बाडोसचा मोठा उत्सव क्रॉप ओव्हर, म्हणजे ऊसतोडणी संपल्याचा. तो ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संपतो. त्रिनिदादचा कार्निव्हल ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपासांआधी येतो. जमैकात नाताळच्या दिवसांत जोंकोनूची सोंगं निघतात. जमैका आणि त्रिनिदाद यांच्यात अठराशे किलोमीटरच्या आसपास समुद्र आहे, तेव्हा एखाद्या जमैकन आजोबांना "तुमचा स्टीलबँड फार आवडतो" म्हणणं म्हणजे नागपूरकराला "तुमचं दशावतार काय सुंदर!" म्हणण्यापैकी आहे. ते हसतील, चहाही पाजतील, पण कार्यक्रमाला येणार नाहीत.

ही माणसं भेटतात कुठे? चर्चमध्ये, डॉमिनो खेळायच्या क्लबात, केशकर्तनालयात आणि क्रिकेटच्या मैदानावर. मराठी माणसाला शेवटचा रस्ता सगळ्यांत सोपा. १९५० साली वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा हरवलं, तेव्हा लॉर्ड किचनर हा त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक गिटार घेऊन मैदानात उतरला आणि त्याच्यामागे नाचणारी मिरवणूक पार पिकॅडिलीपर्यंत गेली. ज्यांच्या फिरकीने तो सामना जिंकला त्यांतला रामाधीन त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या घरातला, व्हॅलेंटाइन जमैकाचा. एखाद्या जुन्या वेस्ट इंडियन क्लबात जाऊन एवढा विषय काढा; पुढचं बोलणं आपोआप होईल.

पत्रिका ठरण्याआधीच समिती करा आणि त्यात निम्मी माणसं तरी त्यांची असू द्या. खर्चाच्या कागदावर त्यांचीही सही हवी. "आम्ही सगळं ठरवलंय, तुम्ही फक्त या आणि वाजवा" हे वाक्य कॅरिबियन कलाकार दर ऑक्टोबरला ऐकतात. बरेचदा त्यापुढे "मानधन नाही, पण प्रसिद्धी मिळेल" हेही असतं. आपल्याकडे गणपतीत ढोलवाल्यांना सुपारी देताना कुणी असं बोलेल का? मानधनाचा आकडा पहिल्या फोनमध्येच सांगा. आणि फोन मे-जूनमध्ये करा. चांगल्या बँडच्या ऑक्टोबरच्या तारखा उन्हाळ्यातच जातात. कौन्सिलचे पैसे कमी पडले तर नॅशनल लॉटरीच्या छोट्या अनुदानातून २०,००० पौंडांपर्यंत मागता येतात, पण निर्णयाला काही महिने जातात.

हा महिना ऑक्टोबरच का, हे स्वयंसेवकांना माहीत असू द्या, कारण कुणीतरी विचारतंच. अमेरिकेत इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये असाच एक आठवडा सुरू केला तो फेब्रुवारीत, लिंकन आणि गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जन्मदिवसांच्या आसपास. ब्रिटनमध्ये १९८७ साली घानाहून आलेल्या अकयाबा अडाय-सेबो यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये हा महिना सुरू झाला. शाळांचं वर्ष सप्टेंबरला उघडतं, मुलं ताजीतवानी असतात, म्हणून ऑक्टोबर.

बंद हॉलमध्ये कार्निव्हल कसला, अशी शंका तुमच्या मंडळात कुणी काढली तर क्लॉडिया जोन्सची गोष्ट सांगा. जन्म पोर्ट ऑफ स्पेनचा, १९१५. लहानपणी न्यूयॉर्कला गेली, कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात गेली, १९५५ मध्ये अमेरिकेने हाकलल्यावर लंडनला आली. तिथे ब्रिक्स्टनमधून तिने वेस्ट इंडियन गॅझेट हे वर्तमानपत्र काढलं. १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लंडनच्या नॉटिंग हिल भागात गोऱ्या टोळ्यांनी वेस्ट इंडियन घरांवर हल्ले केले. त्याला उत्तर म्हणून तिने ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. जानेवारी, म्हणजे कडाक्याची थंडी, म्हणून हॉलच. बीबीसीने तो दाखवला. त्या कमाईतला काही भाग दंगलीत शिक्षा झालेल्या काळ्या-गोऱ्या तरुणांचा दंड भरण्यासाठी राखला होता. रस्त्यावरचा नॉटिंग हिलचा उत्सव नंतर १९६६ मध्ये आला. ऱ्होन लॅस्लेट या समाजसेविकेने मुलांसाठी जत्रा भरवली आणि रसेल हेंडरसनचा स्टीलबँड वाजवत वाजवत रस्त्याने निघाला, तशी लोकं मागे चालू लागली. लीड्सचा कार्निव्हल पुढच्याच वर्षी, १९६७ ला. तेव्हा तुमच्या हॉलला कमी लेखू नका.

आता मुख्य गोष्ट. या लोकांचा इतिहास त्यांच्या वाद्यांत आणि वेशांतच भरलेला आहे. तो पॅनेलवर छापून वेगळा टांगला की लोक चहाचा कप हातात घेऊन पुढे सरकतात. वाद्य हातात द्या, वेश बनवायला द्या, आणि बनवताना गोष्ट सांगणारं माणूस त्याच समाजातलं असू द्या.

स्टीलपॅनचंच बघा. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने १ ऑगस्ट १८३४ ला संपली. नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना. गुलामांना 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं फुकट राबवलं, खरी सुटका १८३८ ला. त्रिनिदादमध्ये मुक्त झालेले लोक मशाली, ढोल आणि काठ्या घेऊन कॅनबुले नावाची मिरवणूक काढत. उसाच्या मळ्याला आग लागली की गुलामांना मशालींच्या उजेडात तिकडे पिटाळलं जाई, त्या रात्रींचं हे सोंग. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला पोलीस आणि मिरवणूकवाले यांच्यात मोठी झटापट झाली आणि त्यानंतरच्या कायद्यांनी ढोल, मशाली, काठ्यांच्या टोळ्या सगळ्यांवर निर्बंध आले. ढोल गेले तर लोकांनी बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला. मग बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, आणि १९४० च्या दशकात तेलाची पिंपं. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनला त्रिनिदादचा निवडक स्टीलबँड लंडनला आला तेव्हा गंजलेली पिंपं बघून लोक हसले होते. वाजायला लागल्यावर हसणं थांबलं. १९९२ मध्ये पॅन त्रिनिदाद-टोबॅगोचं राष्ट्रीय वाद्य झालं.

कार्यशाळेत पॅनवाल्याला एक पिंप उलटं करून मधोमध ठेवायला सांगा. दोनशे लिटरच्या पिंपाचा बूड घणाने ठोकून ठोकून खोलगट वाडग्यासारखा करतात. त्यात प्रत्येक सुराची जागा आखून पंचने कड पाडतात, मग पिंपाचा घेर कापतात: वरच्या सुरांच्या टेनर पॅनला थोडाच काठ ठेवतात, बेसला अख्खं पिंप. आगीवर तापवतात आणि शेवटी छोट्या हातोडीने एकेक सूर जुळवतात. मुलांना काठाला आणि मधल्या फुगवट्याला बोट लावून बघू द्या. वाजवायच्या काड्यांच्या टोकाला रबर असतं. इथे तुमच्या पथकातल्या पोरांना आधीच तंबी द्या: ढोलाच्या टिपरूने किंवा ताशाच्या काडीने पॅनला हात लावायचा नाही. एक जोरदार फटका बसला की सूर उतरतो आणि ट्यूनरचं बिल तुमच्या नावावर येतं. पाच सुरांत बसणारं एखादं गाणं पाऊण तासात कुणीही शिकतो, आणि ते शिकताना ढोलबंदीची गोष्ट जितकी पोचते तितकी माझ्या कुठल्याही भाषणातून आजवर पोचलेली नाही.

आणि इथेच तुमच्या पथकाचा खरा धागा आहे. ३० मे १८४५ ला फातेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून पहिले भारतीय गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) घेऊन त्रिनिदादला लागलं. हे लोक मुख्यतः भोजपुरी मुलखातले. आपले मराठी नव्हेत, उगाच हक्क सांगू नका. पण त्यांच्यासोबत ताशा गेला आणि तिथे तो आजही 'तासा' म्हणूनच वाजतो. मोहरमच्या ताबुतांपुढे तो वाजायचा, जसा आपल्याकडेही वाजतो. तिथे त्या मिरवणुकीला होसे म्हणतात आणि तिच्यात हिंदू आणि आफ्रिकन वंशाचे लोकही वाजवत आले. कॅनबुलेवर निर्बंध आणणाऱ्या सरकारने होसेलाही गावात यायला बंदी केली. ३० ऑक्टोबर १८८४ ला सॅन फर्नांडोजवळ लोक तरीही निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. किमान १६ माणसं मेली. तारीख बघा: तुमच्याच महिन्यातली आहे. एकाच बेटावर, तीन-चार वर्षांच्या अंतरात, दोन समाजांच्या ढोलांवर तेच सरकार तुटून पडलं, हे तुमच्या संध्याकाळीच्या मध्यभागी ठेवा. असा धागा दुसऱ्या कुठल्या मंडळाच्या हातात सहज येणार नाही.

त्यासाठी त्रिनिदाद किंवा गयानाकडचा तासावादक शोधा, लंडनमध्ये मिळतो. त्यांचा ताफा छोटा असतो: दोन तासे, एक मोठा ढोल आणि झांजा. तासाचं भांडं जुन्या पद्धतीत मातीचं, वर बकऱ्याचं कातडं, आणि वाजवण्याआधी ते जाळावर तापवून ताणतात. हॉलमध्ये जाळ करू देणार नाहीत, तेव्हा बोल्टने आवळायचा तासा आणा असं आधीच सांगा. तुमच्या बाजूने चार ढोल आणि दोन ताशे, बस्स. तीस ढोल एकदम उतरवले तर पाहुण्यांचा ताफा ऐकूही येणार नाही, आणि ही संध्याकाळ त्यांची आहे. आधी ते वाजवतील, मग तुम्ही, मग एका तालावर दोघं. त्यांचे ताल त्यांच्याकडून एक दिवस आधी शिकून घ्या. 'हँड' म्हणतात ते एकेका तालाला. अख्खं पथक वाजवायचंच असेल तर बाहेर पार्किंगमध्ये, लोक आत येताना. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की पावणेपाचलाच अंधार पडतो, त्यामुळे कार्यक्रम त्याआधीच्या शनिवारी दुपारपासूनच सुरू केलेला बरा.

मासची कार्यशाळा कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून घ्या. तार वाकवून पंख आणि किरणांचे सांगाडे करणं हे कसबी काम आहे, ते कलाकाराकडे राहू द्या. मुलांना डोक्याच्या घेराची पट्टी, पातळ फोम, कात्री आणि टिकल्या द्या. ग्लू गन मोठ्यांच्या हातात. त्रिनिदादच्या जुन्या सोंगांपैकी मला मुलांसाठी सर्वांत आवडतं ते मिडनाइट रॉबर. रुंद काठाची मोठी टोपी, पायघोळ झगा, गळ्यात शिट्टी. रस्त्यात माणसाला अडवायचं, स्वतःच्या जन्माची आणि पराक्रमांची अशक्य फुशारकी मारणारं लांबलचक भाषण ठोकायचं आणि पैसे मिळाल्याशिवाय सोडायचं नाही. मुलांना आपापलं भाषण लिहायला लावा. "मी तीन वर्षांची असताना टेम्स नदी एका घोटात प्यायले आणि ढेकर दिली तेव्हा स्लाव भिजलं" अशी वाक्यं येतात, आणि ती मराठीत आली तरी चालतात. मोको जंबी, म्हणजे उंच काठ्यांवर चालणारा, तो मात्र व्यावसायिकच बोलवा. विमा विचारा.

वेशांचा विषय निघालाच आहे तर एक कटू गोष्ट. तोंडाला काळा रंग फासणं नाही, जटांचे टोप नाहीत, गवताचे घागरे नाहीत. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत 'आदिवासी नृत्य' म्हणून हे सर्रास चालतं आणि मंडळातल्या कुणाला त्यात वावगं वाटणार नाही, म्हणून पालकांना लेखी कळवा. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काळ्या लोकांविषयी कसले विनोद फिरतात, हेही तुम्हाला माहीत आहे. कार्यक्रमाआधी एक बैठक फक्त याच्यासाठी घ्या. लोक नाराज होतील, होऊ द्या.

ज्येष्ठांच्या आठवणींसाठी रंगमंच आणि माइक नको. बाजूच्या खोलीत टेबल, चहा, जुने फोटो. एम्पायर विंडरश या जहाजाचे प्रवासी २२ जून १९४८ ला लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले तेव्हा ते १,०२७ जण होते आणि त्यांतले ८०२ जण त्याआधी कॅरिबियनमध्ये राहत होते. तुमच्या गावातले बहुतेक ज्येष्ठ मात्र त्यानंतरच्या वर्षांत, बरेचसे लहानपणी आई-वडिलांमागून आलेले असतील. ते हक्काने आले होते. तरी २०१८ मध्ये उघडकीला आलं की अशा कित्येकांना कागद नाहीत म्हणून नोकरीवरून काढलं, डांबलं, काहींना देशाबाहेर पाठवलं. त्यांच्या आगमनाची कार्डं गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण पहिला प्रश्न दुःखाचा विचारू नका. बसमध्ये, हॉस्पिटलात, कारखान्यात काम कसं होतं ते विचारा, नाच कुठे व्हायचे ते विचारा. रेकॉर्डिंग केलंत तर त्याची प्रत आधी त्यांना द्या, आणि त्यांची संमती असेल तर बर्कशायरच्या अभिलेखागारात ठेवा; ते रीडिंगमध्येच आहे.

भिंतीवर काही लावायचंच असेल तर अमेरिकेऐवजी ब्रिटनमधलं लावा. १९६३ चा ब्रिस्टलचा बस-बहिष्कार घ्या: काळ्या आणि आशियाई लोकांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घ्यायचंच नाही, हे तिथल्या बस कंपनीचं धोरण वेस्ट इंडियन तरुणांनी चार महिन्यांत मोडून काढलं, आणि त्यानंतरचा पहिला बिगरगोरा कंडक्टर रघबीर सिंग हा शीख होता. मराठी बाजूने पाच मिनिटांचं एक वाचन पुरे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना; ती अर्पणपत्रिका मराठीत आणि इंग्रजीत वाचा. १९७२ च्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, तेही एका वाक्यात येऊ द्या. यावर कुणी जातीबद्दल प्रश्न विचारला तर टाळू नका.

जेवणाचं फार डोकं खाऊ नका, कॅरिबियन केटररला द्या. शाकाहाऱ्यांची काळजी नको: त्रिनिदादचे डबल्स, म्हणजे दोन मऊ तळलेल्या पुऱ्यांमध्ये (त्यांना तिथे 'बारा' म्हणतात) चण्याची उसळ, आपल्या लोकांना पहिल्याच घासाला आवडतात, आणि रास्ताफारी पंथाच्या मंडळींचं 'इटल' जेवण बहुतेक वेळा शाकाहारीच असतं. वडापावचा स्टॉल या वेळी नको. रम पंच विकणार असाल आणि हॉलला परवाना नसेल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस लागते: फी २१ पौंड, स्वयंसेवक धरून ४९९ माणसांची मर्यादा, आणि कामाचे पूर्ण दहा दिवस आधी अर्ज. मिरवणूक रस्त्यावर काढायचा मोह टाळा, त्याचे सोपस्कार महिनोन्महिने चालतात.

राहिला झेंडा. कार्निव्हलमध्ये झेंड्यांचं कुणाला वावडं नसतं, बेटाबेटांचे झेंडे कमरेला बांधूनच लोक येतात. समितीतल्या कॅरिबियन सदस्यांना विचारा, बहुधा तेच म्हणतील आणा. हॉलच्या आवारातल्या मिरवणुकीत पुढे त्यांचे झेंडे, मागे तुमचा. घोषणा एकदा, सुरुवातीला. आणि ध्वज नाचवणाऱ्याला आत आणणार असाल तर हॉलच्या छताची उंची आधी मोजून घ्या. पंखे आणि स्प्रिंकलर खाली लोंबत असतात.